साखरेचा हात धरून

मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणलंत तर मागच्या बाजूचं बारीक अक्षर एकदा वाचा. एक लिटर पाण्यासाठी साधं मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. जुलाबात अंगातलं मीठ आणि पाणी जातं, तेव्हा मीठ आणि पाणी परत द्यायचं, एवढं कुणालाही कळतं. पण साखर कशाला?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांची उत्तरं दोनच असतात : चव यावी म्हणून, नाहीतर अंगात ताकद राहावी म्हणून. ताकदीचं म्हणाल तर अख्ख्या लिटरभर ओआरएसमध्ये एका केळ्याइतकीही ऊर्जा नसते. आणि चवीचं म्हणाल तर ज्याने ते प्यायलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. ती साखर दार उघडायला असते. आपल्या आतड्याच्या पेशींना एक असं दार आहे की त्यातून मीठ एकटं आत जाऊ शकत नाही, साखरेचा हात धरूनच जातं. हे दार सापडण्याची आणि सापडल्यावरही ते वापरायला माणसांनी लावलेल्या वेळाची ही गोष्ट आहे.

आपल्याकडे कॉलऱ्याला पटकी म्हणत. साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा निघायचा. देवीला गाड्यात बसवायचं आणि वेशीपलीकडे, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचं. पुढचं गाव तिला त्याच्या पुढच्या गावाकडे ढकलायचं. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरच्या आसपास भडकलेली साथ पुढच्याच वर्षी, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, मुंबईत पोचली. नंतर कित्येक दशकं पंढरपूरची यात्रा आणि पटकी ही दोन नावं सरकारी कागदांत जोडीने येत राहिली. ही साथ माणसाला विचार करायलाही वेळ देत नसे. जोरदार कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी अंगातून जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत सुकून जायचा, अगदी शब्दशः.

सुकून जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे पहिल्यांदा मोजलं ते एका बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने. विल्यम ओशॉनेसी त्याचं नाव. १८३१च्या अखेरीस इंग्लंडमधल्या संडरलंडला कॉलरा आला तेव्हा हा तिथे गेला, रोग्यांचं रक्त तपासलं, आणि रक्तातलं पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात गेलेत हे ‘लॅन्सेट’ला लिहून कळवलं. पाच-सहा महिन्यांत स्कॉटलंडच्या लीथ गावी टॉमस लाटा या डॉक्टरने ते मनावर घेतलं. मरायला टेकलेल्या एका म्हातारीच्या शिरेत त्याने मीठपाणी सोडलं. ती बोलू लागली, चेहऱ्यावर रंग आला. लाटा निश्चिंत होऊन निघून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पुन्हा पाणी सोडायला कुणी नव्हतं, काही तासांत बाई गेली. लाटाही पुढच्याच वर्षी वारला आणि ती पद्धत मागे पडली. (ओशॉनेसी मात्र कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातल्या पहिल्या तारायंत्राच्या तारा त्याने टाकल्या. इंजिनिअरांनी त्याला आपला म्हणायला हरकत नाही.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी सलाईन पुन्हा वापरात आणलं आणि मृत्यू बरेच कमी केले. पण सलाईनला निर्जंतुक पाणी लागतं, बाटल्या लागतात, सुया लागतात, शीर शोधणारा हात लागतो. पटकी येते ती नेमकी यातलं काहीच नसतं तिथे. मग मीठपाणी तोंडानेच का देत नाहीत? दिलं होतं. ते आत टिकत नसे, उलट जुलाब वाढत. त्यावरून डॉक्टरांनी जो निष्कर्ष काढला तो बराच काळ टिकला, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा खलनायक तोच आहे. निष्कर्ष असा की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलून निघतं. रोग्याची शौच तांदळाच्या धुवणासारखी असते, त्यातले पांढरे कण म्हणजे गळून पडलेलं अस्तर. मेलेल्यांची आतडी फाडून पाहिली तर अस्तर खरंच सुटलेलं दिसे. भिंतच पडली असेल तर तोंडाने काय देऊन उपयोग? त्यापेक्षा आतड्याला विश्रांती द्या, रोग्याला उपाशी ठेवा.

*

आता जरा वेगळ्याच लोकांकडे जाऊ. यांना कॉलऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना पेशीभोवतीचा पापुद्रा कशाचा आहे एवढंच जाणून घ्यायचं होतं.

शाळेच्या पुस्तकात याला ‘प्रद्रव्यपटल’ म्हटलं होतं आणि पुढे ‘निवडक्षम पारपटल’ असा एक शब्द होता. तो मी परीक्षेपुरता पाठ केला. अर्थ सोपा आहे : सगळ्यांना आत सोडत नाही, निवडून सोडतं. १८९०च्या दशकात झ्युरिकमध्ये चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन याने जिवंत पेशींवर शेकडो पदार्थ वापरून पाहिले. तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत सहज शिरत, पाण्यात विरघळणारे अडत. म्हणजे पापुद्रा तेलकट असणार. १९२५ साली नेदरलंड्समध्ये लायडेनला खॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींतला सगळा स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर पसरवला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागेवर पसरला. म्हणजे पापुद्रा दुपदरी. गंमत अशी की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. स्निग्ध पदार्थ पुरता निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. असे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत.

हा दुपदरी पापुद्रा जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा. केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा हजार मावतील. पण अडचण बघा : मीठ आणि साखर तेलात विरघळत नाहीत. मग आपण जेवतो त्यातलं मीठ-साखर पेशींत जातंच कसं? दारं असणार, हे उघड होतं. ती कशी आहेत ते कळायला वेळ लागला.

पहिलं दार सापडलं खेकड्यात. डेन्मार्कमध्ये आर्हूसला येन्स स्कू हा शास्त्रज्ञ खेकड्याच्या पायातल्या नसा कुटून त्यांतलं एक प्रथिन तपासत होता. १९५७ साली त्याने लिहिलं ते प्रथिन म्हणजे पेशीतला सोडियम उपसणारा पंप निघाला. पेशीतली ऊर्जा खर्च करून हा पंप दर खेपेला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. जवळपास प्रत्येक पेशीत तो अखंड चालू असतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम कायम कमी आणि बाहेर जास्त. विहिरीतलं पाणी उपसून टाकीत चढवून ठेवावं तसं. मग खाली येणाऱ्या पाण्यावर हवी ती कामं करून घेता येतात. स्कूला नोबेल मिळालं १९९७ साली, चाळीस वर्षांनी.

दुसरं दार प्रागमध्ये मांडलं गेलं. ऑगस्ट १९६० मधल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने आपली कल्पना सांगितली. हॅमस्टरच्या आतड्यावर काम करताना साखर आत घ्यायला सोडियम लागतंच, असं दिसत होतं. क्रेन म्हणाला, दोघं एकाच दारातून, एकाच वेळी जातात. सोडियम उतारावरून आत घरंगळतं आणि जाता जाता साखरेलाही ओढून नेतं. क्रेन विचार करत होता तो साखरेचा. पण त्याचं वाक्य उलटं वाचलं तर? साखर दिली, तर सोडियम आत जाईल. हे वाक्य मरणाऱ्या माणसाच्या उशाशी वाचायला हवं होतं. ते छापलं गेलं भलत्याच ज्ञानशाखेच्या पुस्तकात.

*

याच सुमारास दोन भारतीय शहरांत भिंतीचा प्रश्न सुटत होता.

कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी टोचलं. जंतू एकही नाही. तरी तो तुकडा पाण्याने टरारून फुगला. म्हणजे जंतू आतडं कुरतडत नव्हते, ते एक विष सोडत होते आणि त्या विषाचं काम आतड्याच्या आतल्या बाजूनेच चालत होतं. कॉख १८८४ साली कलकत्त्यात बसून असं विष असेल म्हणाला होता. ते दाखवायला पाऊणशे वर्षं गेली, कारण लोक ते रक्तात टोचून बघत होते. डे यांचा लेख १९५९ साली ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतून एन. के. दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांचा लेख आला. सशाच्या पिल्लांना नुसता जंतूंचा अर्क देऊन त्यांनी कॉलऱ्यासारखे जुलाब घडवले होते. डे यांना १९७८ साली नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं, पण भारतात त्यांची फारशी कुणी दखल घेतली नाही. १९८५ साली ते गेले. परळच्या कामाचं नाव तर मराठी वाचकांच्याही कानावर नसतं.

दुसऱ्या वर्षी अमेरिकन डॉक्टर युजीन गँगरोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमधल्या जिवंत रोग्यांच्या आतड्याचे बारीक नमुने काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. अस्तर जागच्या जागी होतं. सुटलेलं अस्तर दिसत होतं ते मृत्यूनंतर कुजल्यामुळे. भिंत कधी पडलीच नव्हती.

मग पाणी येत कुठून होतं? इथे शेजारी महत्त्वाचे. आतड्याच्या पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि वरच्या टोकाशी त्यांची आपापसांत शिवण घातलेली असते, गोधडीच्या टाक्यांसारखी. १९६३ साली मेरिलिन फारकर आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ही शिवण नीट उलगडून दाखवली. सगळ्यांत वर घट्ट सांधा, त्याखाली पेशींना एकत्र बांधणारा पट्टा, त्याखाली बटणांसारखे ठिपके. घट्ट सांधा कोणत्या धाग्याचा, हे १९९८ मध्ये क्योटोला शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेत कळलं. त्या प्रथिनांना त्यांनी क्लॉडिन नाव दिलं, बंद करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. नाव असं असलं तरी शिवण सगळीकडे सारखी घट्ट नसते. मूत्राशयात ती अगदी पक्की असते, लहान आतड्यात सैल. सोडियम आणि पाणी तिथे टाक्यांमधून झिरपू शकतं. वेस आणि कुसू यांची उपमा इथे हातात आयती येते, पण आपल्या गावकुसाने कुणाला बाहेर ठेवलं ते ठाऊक असताना ती वापरवत नाही. गोधडीच बरी.

कॉलऱ्याचं विष पेशीत शिरून एका स्विचला धरतं. प्रोग्रॅमरच्या भाषेत, फ्लॅग ट्रू करून ठेवतं आणि तो फॉल्स करणारी ओळच पुसून टाकतं. त्यामुळे क्लोराइडचं दार उघडं पडतं आणि क्लोराइड आतड्याच्या पोकळीत धो धो वाहू लागतं. त्याच्या ओढीने सोडियम शेजाऱ्यांमधल्या शिवणीतून बाहेर येतं. दोघांच्या मागे पाणी. एरवी आतड्यातून रोज आठ-नऊ लिटर पाणी जातं आणि जवळजवळ सगळं परत शोषलं जातं. आता येणं बेसुमार आणि जाणं बंद, कारण त्याच स्विचमुळे मीठ शोषून घेण्याचं एरवीचं दारही मिटतं. म्हणून नुसतं मीठपाणी आत टिकत नसे.

पण क्रेनचं जोडदार त्या स्विचवर नसतंच. ते भर कॉलऱ्यातही चालू असतं. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज आले की दाराची पोकळीकडची बाजू मिटते, पेशीकडची उघडते, तिघं आत. साखर पेशीच्या मागच्या बाजूने रक्ताकडे जाते. सोडियमला स्कूचा पंप दोन शेजारी पेशींमधल्या फटीत उपसून टाकतो. तिथे मीठ साचलं की पाणी त्याच्या मागे येतं, काही पेशींमधून, काही शिवणीतून. ज्या वाटेने माणूस रिकामा होतो, जवळपास त्याच वाटेने त्याला भरता येतं. फक्त साखर हवी, आणि ती मापात हवी.

*

हे सगळं कळण्याच्या आधीच एका डॉक्टरने ते करून दाखवलं होतं. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी नोव्हेंबर १९५३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रोग्यांची हकिकत छापली. लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, सोबत पानओव्याच्या पानांचा रस. सलाईनशिवाय माणसं बरी झाली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा ताळा नव्हता, साखर का चालते याचं कारण नव्हतं. आक्षेप खरे आहेत. पण हीच हकिकत लंडनच्या एखाद्या इस्पितळातून आली असती तर कुणीतरी तो ताळा मांडून पाहिला असता, असं मला वाटतं.

मग १९६२ साल. अमेरिकन नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी मनिलात तोंडाने साखर-मीठ देऊन पाहिलं. पहिल्या थोड्या रोग्यांत फरक दिसला, पण पुढच्या प्रयोगात द्रावण फार दाट झालं आणि काही रोगी दगावले. दाट द्रावण उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं. फिलिप्स हादरले, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांनी या उपायाबद्दल इतरांनाही सावधच केलं.

धीर केला तो डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन पोरांनी. डाक्क्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत आले तेव्हा दोघंही पंचविशीत, आज माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांच्या वयाचे. १९६८ सालच्या त्यांच्या प्रयोगात चलाखी काहीच नव्हती. खाटेला मधोमध भोक, खाली खुणा केलेली बादली. जेवढं बादलीत पडेल तेवढं मोजून तोंडाने परत द्यायचं, रात्रभर जागून. सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी झाली. तरीही ‘हे इस्पितळात, शिकलेल्या हातांखालीच’ असंच बहुतेकांचं मत राहिलं.

ते मत मोडलं टंचाईने. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेवरच्या बनगावच्या इस्पितळात कॉलऱ्याच्या रोग्यांसाठी दोन खोल्या आणि १६ खाटा होत्या. बाकीची माणसं जमिनीवर, घाणीत. सलाईन लावायचं तर त्यातच गुडघे टेकून बसावं लागे. कलकत्त्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस बालरोगतज्ज्ञ होते. सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी ठरवलं की कॅशनेलिनच्या रात्रभरच्या पहाऱ्याशिवायच हे द्यायचं. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यातल्या संस्थेच्या वाचनालयात माणसं पुड्या बांधत होती. प्लास्टिकच्या पिशव्या कपड्यांच्या गरम इस्त्रीने चिकटवत होती. बनगावला पिंप भरलं जाई. रोग्यासोबत आलेली आई, बहीण, भाऊ मग भरून नेत आणि पाजत राहत. अगदी अत्यवस्थ असेल त्यालाच आधी सलाईन. लोकांचा तोंडी पाण्यावर विश्वास बसेना, तेव्हा महालनबीस त्याला ‘ओरल सलाईन’ म्हणू लागले. नावात सलाईन आलं आणि काम झालं. आधी शंभरात तीसजण जात होते. त्यांच्या देखरेखीखालच्या छावणीत ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

पुढचं भराभर सांगता येईल. १९७८ साली ‘लॅन्सेट’ने संपादकीय लिहून या द्रावणाला बहुधा शतकातला सगळ्यांत मोठा वैद्यकीय शोध ठरवलं. बांगलादेशात ‘ब्रॅक’च्या बायका १९८०च्या दशकात दारोदार फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत त्यांनी चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचं माप शिकवलं. १९८७ साली अर्नेस्ट राइट यांच्या प्रयोगशाळेला त्या जोडदाराचं जनुक सापडलं. २००२ मध्ये पाकिटातलं माप सौम्य करण्यात आलं. आता लिटरमध्ये सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलीमोल, बरोबर एकास एक. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले आणि तीन महिन्यांनी, मरणोत्तर, त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं.

मनिलाची गोष्ट मात्र संपलेली नाही. आपल्या दुकानांत ‘ओआरएस’ नाव लावून गोड पेयं विकली जात होती, त्यांत साखर या मापाच्या कित्येक पट. जुलाब झालेल्या पोराला ती पाजणं म्हणजे तेच दाट द्रावण. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली.

आणि सलाईनवरची श्रद्धाही तशीच आहे. कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात ‘एक बाटली चढवा ना डॉक्टर’ हे वाक्य ऐकू येईल. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. कर्नाटक आणि बिहारच्या २५३ शहरांत २,२८२ खासगी दवाखानेवाल्यांकडे पालक म्हणून नट पाठवले होते. तक्रार एकच : दोन वर्षांच्या पोराला जुलाब होतायत. ओआरएस ठाऊक नाही असं या डॉक्टर मंडळींचं नव्हतं. ते लिहून न देण्यामागे पैशाचा मोह ५ टक्के आणि दुकानात माल नसणं ६ टक्के निघालं. सगळ्यांत मोठं कारण, ४२ टक्के, वेगळंच होतं. पेशंटला ओआरएस नको असतं, असा त्यांचा समज होता. काही नटांना आपल्याला ओआरएस चालेल असं सुचवायला सांगितलं होतं. तेवढ्यावर शंभरातल्या आणखी सत्तावीस जणांनी ते लिहून दिलं.